अपडेटनंतर लिनक्स सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला इचलकरंजीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, अपडेट चालू होतं आणि लाइट गेली. आता नुसता काळा पडदा आहे, पांढरी अक्षरं आलीत आणि पुढे काहीच होत नाही. मित्र म्हणतोय, फॉरमॅट मार." लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट गेली की मशीनही बंद. आत उबुंटू २४.०४ हे लिनक्स आणि कॉलेजच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. मी म्हटलं, आधी त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून मला पाठव. दुसरं काहीही दाबू नकोस.

फोटोत शेवटची ओळ होती: केर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस. दिसायला भयंकर, पण अर्थ साधा: केर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्कपर्यंत पोचवणारी फाइल जागेवर नाही. रिपोर्ट तिथेच होता. पाऊण तासात लॅपटॉप चालू झाला.

तुमची मशीन अशीच अडकली असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिस्टिम अपडेट /यूएसआर, /बूट, /ईटीसी, /व्हार या फोल्डरांत काम करतं. तुमचे फोटो, हिशोब, प्रबंध /होममध्ये असतात आणि अपडेट त्यांना सहसा हात लावत नाही. ते पुसलं जाण्याचा खरा धोका घाबरून मारलेल्या फॉरमॅटमुळे असतो. म्हणून पहिली पंधरा मिनिटं फक्त बघण्यात घाला: मशीन नेमकी कुठल्या पायरीवर थांबते आहे? तेवढी पायरी दुरुस्त केली की बाकीचं आपोआप चालू लागतं.

कमांड लिहिण्याबद्दल

खाली मी उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन या एकाच घराण्याबद्दल लिहिते आहे. आपल्याकडे घरोघरी हेच दिसतात. कमांड मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी, सगळी अक्षरं छोटी, आकडेही इंग्रजी. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, एप्ट म्हणजे ए-पी-टी, सीएचरूट म्हणजे सी-एच आणि मग रूट. एक आडवी रेघ आणि दोन आडव्या रेघा यांत फरक आहे, आणि शब्दांमधली मोकळी जागाही महत्त्वाची आहे.

मशीन अजून गोठलेलीच असेल तर

पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबा. अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला, म्हणजे मशीन सुरू होताना, कधी कधी डिस्कची तपासणी चालते आणि पडदा तसाच राहतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

खरंच हललीच नाही, तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन ही दोन बटणं एकत्र दाबून धरा आणि दोन-तीन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा. एस डिस्कवरचं अर्धवट लेखन पूर्ण करतं, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतं, बी मशीन रीस्टार्ट करतं. उबुंटूत ही तीन अक्षरं आधीपासून चालू असतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही धरावं लागतं.

कुठे थांबते आहे ते ओळखा

कंपनीचा लोगो येऊन गेला आणि "ग्रब" असा प्रॉम्प्ट आला, किंवा थेट विंडोज सुरू झालं, तर दोष बूटलोडरमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच लिनक्स सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये; ग्रब हा तोच. केर्नल पॅनिक किंवा "इनिटरामएफएस" असा प्रॉम्प्ट आला तर केर्नल आणि त्याची जोडीदार फाइल बघायची. अक्षरं सरकत गेली आणि मग काळोख पसरला तर बहुतेक ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लॉगिन दिसतं, पासवर्ड घेतं आणि परत लॉगिनलाच आणून सोडतं, तर दोष तुमच्या खात्यात किंवा भरलेल्या डिस्कमध्ये. या चारपैकी आपली कुठली, एवढं ठरलं की अर्धं काम झालं.

जुना केर्नल: सगळ्यात आधी हाच दरवाजा

नवा केर्नल आला तरी लिनक्स जुना लगेच टाकून देत नाही. निदान एक जुना, चालणारा केर्नल डिस्कवर असतो. तिथे पोचण्यासाठी मशीन चालू करताच, लोगो दिसता दिसता एस्केप बटण एकदा दाबा. जुन्या, बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो. तिथे "नॉर्मल" असं टाइप करून एंटर मारा आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप दाबा, मेनू येतो.

मेनूत दुसरी ओळ "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" ही असते. ती उघडली की केर्नलांची यादी येते, सगळ्यात नवा वर. वरून दुसऱ्या आकड्याचा केर्नल निवडा, पण ज्याच्यापुढे "रिकव्हरी मोड" लिहिलंय तो नको. भाच्याने हे केलं आणि मिनिटभरात त्याला नेहमीचा डेस्कटॉप दिसला. फोनवर तो एकदम गप्पच झाला होता.

इथे पोचलात तर दुरुस्तीला हात घालण्याआधी पेनड्राइव्ह लावा आणि महत्त्वाच्या फायली उतरवून घ्या. हे टाळू नका. दुरुस्ती चुकली तरी मग तुमचं काही जाणार नाही.

अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करणं

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. पहिली कमांड दुरुस्तीची नसून जागेची:

डीएफ -एच

उजवीकडे टक्केवारी दिसते. "/" (सिस्टिमचा मुख्य कप्पा) या ओळीपुढे किंवा "/बूट" या ओळीपुढे १०० टक्के दिसलं तर अपडेट का फसलं ते कळलंच. ते मोकळं कसं करायचं ते पुढे येतंय. जागा असेल तर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

अपडेटमध्ये आधी सगळी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमची पुडकी, उघडून ठेवली जातात आणि मग एकेक बसवलं जातं. मध्येच वीज गेली की काही नुसती उघडलेली राहतात. ही कमांड राहिलेली सगळी बसवते. त्यानंतर:

सुडो एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

ही कमांड एकमेकांवर अवलंबून असलेल्या पॅकेजांचा तुटलेला मेळ जमवते. एंटर मारण्याआधी तिने दाखवलेली यादी वाचा, आणि त्यातही "विल बी रिमूव्ह्ड" या शब्दांखालची यादी एकेक नाव बघत वाचा. तिथे उबुंटू-डेस्कटॉप, ग्नोम-शेल, सिनॅमन, जीडीएम३ किंवा लाइटडीएम (ही डेस्कटॉपची आणि लॉगिनच्या पडद्याची पॅकेजेस) दिसलं तर एन दाबून बाहेर या. २०२१ च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या लायनस सबॅस्टियन या यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हा गेमचा प्रोग्रॅम टाकायला घेतला तेव्हा हेच घडलं. पॅकेजांचा मेळ बिघडलेला होता, एप्टने सगळा डेस्कटॉप काढून टाकण्याची तयारी दाखवली, पडद्यावर इशाराही आला आणि त्याने होकाराचं पूर्ण वाक्य टाइप करून पुढे जाऊ दिलं. डेस्कटॉप गेला. त्यानंतर एप्टमध्येच बदल झाला आणि अत्यावश्यक पॅकेजेस अशी सहज काढता येईनाशी झाली. तरीही यादी वाचायची सवय सोडू नका.

कमांड म्हणाली की लॉक मिळत नाही, तर बहुतेक वेळा मागे आपोआप चालणारं अपडेट काम करत असतं. दहा मिनिटं थांबा. इंटरनेटवर लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहायला लागले तर आत्ताच्यापेक्षा मोठं दुखणं ओढवतं.

जोडी बघा

आता भाच्याच्या मशीनचा खरा दोष. ही कमांड द्या:

एलएस -एलएच /बूट

एकाच आवृत्तीच्या दोन फायली दिसायला हव्यात: व्हीएमलिनझ म्हणजे स्वतः केर्नल, आणि इनिटआरडी.आयएमजी म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं. गाठोड्याचा आकार काही दशक एमबी असतो. भाच्याच्या यादीत जुन्या केर्नलची जोडी पूर्ण होती. नव्याचा व्हीएमलिनझ होता, पण इनिटआरडी नव्हती. ती तयार होत असतानाच लाइट गेली होती. मी त्याला एकेक अक्षर वाचायला लावलं आणि ते त्यालाच सापडलं.

डीपीकेजीने ती आपोआप बनवली नाही तर हाताने बनवायची. शेवटी त्या केर्नलचं पूर्ण नाव, व्हीएमलिनझनंतर जसं दिसतंय तसं, द्यायचं:

सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक

सुडो अपडेट-ग्रब

पहिल्या कमांडला मिनिटभर लागतं. दुसरी बूट मेनू नव्याने लिहिते आणि सापडलेल्या केर्नलांची नावं पडद्यावर छापते. त्यात नवा केर्नल आणि त्याची इनिटआरडी दोन्ही दिसली की रीस्टार्ट करा.

/बूट भरलंय

एन्क्रिप्शन (पासवर्डने डिस्क कुलूपबंद करणं) निवडून उबुंटू टाकलं असेल तर /बूट हे वेगळं, छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, असतं. तिथे जुने केर्नल साचत जातात आणि एक दिवस नव्याची इनिटआरडी मावत नाही. मग एक पेच उभा राहतो: एप्ट आधी दुरुस्ती कर म्हणतं, आणि दुरुस्तीला जागा नाही.

तो असा सोडवायचा. यूनेम -आर कमांड देऊन आत्ता चालू असलेला केर्नल कुठला ते कागदावर लिहून घ्या. त्याला हात लावायचा नाही. मग सगळ्यात जुन्या केर्नलची इनिटआरडी पुसू नका, नुसती हलवा:

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-जुना-आकडा /रूट/

आता डीपीकेजी --कॉन्फिगर -ए पुन्हा चालवा. या वेळी ते पुरं होतं. मग सुडो एप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज दिलं की नको असलेले जुने केर्नल रीतसर जातात. हलवलेली फाइल त्यानंतर पुसली तरी चालेल.

"/" स्वतःच भरलं असेल तर सुडो एप्ट क्लीन द्या, उतरवलेली पॅकेजेस मोकळी होतात. सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम दिलं की साचलेले लॉग २०० एमबीवर येतात; इथलं एम मोठ्या लिपीतलं टाइप करायचं. होममधला कचरापेटीचा फोल्डरही बघा, तिथे जुने व्हिडिओ पडून असतात.

अक्षरं दिसतात, मग काळोख

हा बहुतेक एनव्हिडियाचा प्रश्न. एनव्हिडियाचा ड्रायव्हर प्रत्येक केर्नलला जुळवून बसावा लागतो. नव्या केर्नलसाठी तो बांधलाच गेला नाही की चित्र येत नाही.

ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर उभं राहून ई दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यात शेवटाकडे "क्वाएट स्प्लॅश" दिसेल. त्याच्यापुढे जागा सोडून "नोमोडसेट" टाइप करा आणि एफ१० दाबा. हा बदल फक्त या एका बूटपुरता असतो, त्यामुळे निर्धास्तपणे करा. पडदा जाडाभरडा दिसेल, पण दिसेल. मग:

सुडो एप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

डीकेएमएस स्टेटस

सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

डीकेएमएस म्हणजे नव्या केर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारं साधन; त्याच्या यादीत नव्या केर्नलपुढे "इन्स्टॉल्ड" असायला हवं. नसेल तर सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल द्या. मिंटवर हेच काम ड्रायव्हर मॅनेजरच्या खिडकीतून होतं.

एक निळा पडदा लोक घाबरून वगळतात, त्याच्याबद्दल सांगते. सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीची सही नसलेलं काही बूटला चालू न देणारी मशीनची सोय, चालू असेल आणि असा ड्रायव्हर बसवला तर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या बूटला "परफॉर्म एमओके मॅनेजमेंट" असं लिहिलेला निळा पडदा येतो. तिथे "एनरोल एमओके", "कंटिन्यू", "येस", मग ठरवलेला पासवर्ड, मग रीबूट. तो तसाच जाऊ दिला तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही, आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच शोधत बसतो.

वायफाय गायब झालं असेल तर कारण बहुतेक हेच, पण दुरुस्तीला तर इंटरनेट हवं. मोबाइल चार्जिंगच्या केबलने जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेच्या इंटरनेटसारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

लॉगिनचा फेरा

पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर काळा, आणि परत लॉगिन. इथे कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांचं साधं लॉगिन येतं. नाव द्या, पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं.

मराठीत मशीन वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. या काळ्या पडद्याला देवनागरी दाखवता येत नाही. तुमच्या फोल्डरांची नावं मराठीत असतील तर तिथे चौकोन किंवा चौकटी दिसतील. फायली बिघडलेल्या नाहीत, फक्त दिसत नाहीत. अशा फोल्डरात शिरायचं असेल तर सीडी लिहून जागा सोडा आणि टॅब दोनदा दाबून बघा, किंवा नावाच्या जागी तारा, म्हणजे * हे चिन्ह, वापरा. सिस्टिमचे संदेशही मराठीत असल्यामुळे चौकोन दिसत असतील तर एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी अशी ओळ द्या, संदेश इंग्रजीत येतील. एलसी, ऑल आणि शेवटचं सी ही सगळी अक्षरं मोठी.

मग तपासा. डीएफ -एच पुन्हा. डिस्क पूर्ण भरली असेल तर डेस्कटॉपला तात्पुरत्या फायली लिहिता येत नाहीत आणि तो पहिल्याच पावलाला कोसळतो. त्यानंतर एलएस -एलए. इथे .एक्सऑथॉरिटी नावाच्या फाइलपुढे (यातलं एक्स मोठं) मालक म्हणून रूट, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी, दिसला तर ती दुसऱ्या नावाने हलवा, लॉगिन करताना नवी तयार होते. शेवटी एलएस -एलडी /टेम्प. टेम्प म्हणजे टी-एम-पी. ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांत शेवटचं अक्षर टी हवं. नसेल तर सुडो सीएचमॉड १७७७ /टेम्प.

हे सगळं ठीक असेल तर सुडो अॅडयूजर चाचणी, नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत, असं एक नवं खातं काढून त्याने लॉगिन करा. नवं खातं व्यवस्थित उघडलं तर सिस्टिम निर्दोष आहे, दोष तुमच्या जुन्या सेटिंगमध्ये आहे. ग्नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या डेस्कटॉपच्या, मोठ्या अपडेटनंतर जुनी एक्स्टेन्शन्स हमखास आडवी येतात. होममधल्या .लोकल/शेअर/ग्नोम-शेल या फोल्डरातल्या एक्स्टेन्शन्स फोल्डराचं नाव बदला आणि पुन्हा लॉगिन करा.

लॉगिनचा पडदाच येत नसेल तर सिस्टमसीटीएल --फेल्ड देऊन कुठली सेवा पडली ते बघा. उबुंटूत जीडीएम३, मिंटमध्ये लाइटडीएम. डेस्कटॉपच निघून गेला असेल तर सुडो एप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप, मिंटवर मिंट-मेटा-सिनॅमन.

काहीच उघडत नाही: लाइव्ह यूएसबी

जुना केर्नलही चालत नाही किंवा ग्रबच नाही, अशा वेळी बाहेरून शिरायचं. दुसऱ्या मशीनवर त्याच आवृत्तीची आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची फाइल, पेनड्राइव्हवर बूट होईल अशी लिहा, त्यावरून बूट करा आणि इन्स्टॉल न निवडता "ट्राय" निवडा. तुमची डिस्क इथून नुसती उघडून फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर नेता येतात. तेच आधी करा. मिंटच्या लाइव्ह यूएसबीत मेनूमध्ये बूट रिपेअर नावाचं साधनही असतं. ग्रबचा साधा बिघाड असेल तर ते बऱ्याचदा एका बटणात काम करतं, म्हणून आधी ते वापरा.

नाही जमलं तर सीएचरूट. नाव बोजड आहे, अर्थ असा की लाइव्ह यूएसबीवर बसून तुमच्या डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरायचं आणि तिथल्या कमांड चालवायच्या. आधी पार्टिशनं ओळखा:

एलएसबीएलके -एफ

एक्सटी४ लिहिलेलं मोठं पार्टिशन म्हणजे बहुतेक तुमची सिस्टिम. व्हीएफएटी लिहिलेलं छोटं म्हणजे ईएफआय, जिथून नव्या पद्धतीची मशीन बूट होते ते पार्टिशन. समजा ती एसडीए२ आणि एसडीए१ आहेत. नवीन मशीनवर एनव्हीएमई० असं लांब नाव असतं. नावं कागदावर लिहा आणि मग ती माउंट करा, म्हणजे फोल्डरांना जोडा:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

/बूट वेगळं असेल तर ते या दोन्हींच्या मध्ये माउंट करायचं. क्रम चुकला तर ग्रब भलत्याच ठिकाणी लिहिलं जातं. मग चार ओळी:

सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक

सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस

सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन

शेवटची ओळ बऱ्याच जणांच्या यादीत नसते. उबुंटूत इंटरनेटचे पत्ते शोधण्याची फाइल /रनकडे बोट दाखवते, त्यामुळे ती गाळली तर आत गेल्यावर एप्टला नेट सापडत नाही. आता:

सुडो सीएचरूट /एमएनटी

इथून पुढे तुम्ही तुमच्याच सिस्टिममध्ये आहात, तेही रूट म्हणून, म्हणजे सुडो लागत नाही. वरच्या सगळ्या दुरुस्त्या इथे चालतात: जागा बघा, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, इनिटरामएफएस. ग्रबसाठी ईएफआयच्या मशीनवर नुसतं ग्रब-इन्स्टॉल आणि मग अपडेट-ग्रब. बायोसच्या मशीनवर ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए, शेवटचा आकडा न देता, कारण तिथे ग्रब पार्टिशनवर न बसता डिस्कच्या सुरुवातीला बसतं. शेवटी एक्झिट, सिंक, आणि रीस्टार्ट.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर माउंट करण्याआधी सुडो क्रिप्टसेटअप ओपन देऊन ती उघडावी लागते. उघडताना तिला जे नाव द्याल ते तुमच्या सिस्टिममधल्या /ईटीसी/क्रिप्टटॅब फाइलीतलंच असू द्या. ते जुळलं नाही तर नवी इनिटआरडी बूटच्या वेळी पासवर्डच विचारत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आर्च लिनक्स आणि एन्डेव्हरओएस वापरणाऱ्या अनेकांची मशीनं ग्रबच्या नव्या आवृत्तीनंतर बूट होईनाशी झाली, तेव्हा उपाय हाच होता: लाइव्ह यूएसबी, सीएचरूट, ग्रब पुन्हा बसवणं.

विंडोजच्या अपडेटने अडवलं असेल तर

एकाच मशीनवर दोन्ही असतील तर हेही ठाऊक असू द्या. २०२४ च्या ऑगस्टमधल्या विंडोज अपडेटनंतर अनेक ठिकाणी लिनक्स सुरू होताना "एसबीएटी डेटा फेल्ड, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा संदेश येऊन मशीन बंद पडू लागली. जुने, असुरक्षित बूटलोडर अडवण्याची ती यादी होती आणि तिने चालते लिनक्सही अडवले. उपाय: बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स सुरू करा, सुडो एमओकेयूटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट द्या, रीस्टार्ट करून पुन्हा एकदा लिनक्समध्येच या, सगळी अपडेट पूर्ण घ्या आणि मग सिक्युअर बूट चालू करा. ते कायमचं बंद ठेवू नका.

टाइमशिफ्ट असेल तर

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन आधीपासून असतं. तुम्ही कधीतरी ते चालू करून ठेवलं असेल तर वरचं बरंचसं लागणारच नाही. लाइव्ह यूएसबीवरून टाइमशिफ्ट उघडा, सेटिंगमध्ये प्रती साठवलेली डिस्क दाखवा, अपडेटच्या आदल्या तारखेची प्रत निवडा, रिस्टोअर. सिस्टिम त्या दिवशी होती तशी होते आणि होममधल्या फायली आहेत तशाच राहतात, कारण ठरावीक सेटिंगमध्ये टाइमशिफ्ट होमला हात लावत नाही. याच कारणामुळे टाइमशिफ्टला तुमच्या कागदपत्रांचा बॅकअप समजू नका. त्यांची प्रत वेगळी ठेवावीच लागते.

चालू झाल्यावर

लगेच पुन्हा सगळी अपडेट घ्यायची घाई करू नका. /व्हार/लॉग/एप्ट/हिस्टरी.लॉग ही फाइल लेस कमांडने उघडा. तिथे तारीखवार, वेळेसकट, कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं ते लिहिलेलं असतं. बिघाड एकाच पॅकेजचा वाटत असेल तर एप्ट पॉलिसी आणि पॅकेजचं नाव द्या. जुनी आवृत्ती उपलब्ध दिसली तर सुडो एप्ट इन्स्टॉल नाव=आवृत्ती देऊन मागे जाता येतं, आणि सुडो एप्ट-मार्क होल्ड नाव देऊन ती तिथेच रोखता येते. रोखलेल्याची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा. केर्नल महिनोन्‌महिने रोखून ठेवला तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. पंधरा दिवसांनी एप्ट-मार्क अनहोल्ड देऊन पुन्हा प्रयत्न करा.

उबुंटूत काही पॅकेजेस "डिफर्ड ड्यू टू फेझिंग" म्हणून मागे ठेवलेली दिसली तर ती ओढून आणू नका. उबुंटू अपडेट आधी थोड्या लोकांना देऊन बघतं आणि मग सगळ्यांना देतं. तुमची पाळी आली की येतात.

भाच्याला मी दोन गोष्टी करायला लावल्या. आत्ता चाललेल्या आवृत्तीची लाइव्ह यूएसबी बनवून टेबलाच्या खणात ठेवायची. आणि बॅटरी बदलेपर्यंत मोठं अपडेट घ्यायचं ते इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरी.

शेवटची तपासणी तीन कमांडची. यूनेम -आर नवा केर्नल दाखवतं का बघा. सिस्टमसीटीएल --फेल्डच्या यादीत शून्य असू द्या. आणि सुडो डीपीकेजी --ऑडिट. ही कमांड अर्धवट राहिलेल्या पॅकेजांची नावं छापते. भाच्याने ती दिली आणि म्हणाला, "मावशी, काहीच आलं नाही. नुसता प्रॉम्प्ट परत आला." मी म्हटलं, तेच हवं होतं. आता झोप.